बाईंचा हात

“ही पोरगी बोलती का, का हिला पण आतनं स्पीकर बसवायचा?”

पडद्यामागून कुणीतरी असं म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी स्टेजवर एका थोर पुढाऱ्याच्या पाठीचं झाकण उघडून आतल्या वायरी बघत बसले होते. म्हणणारा रेवणदादा होता, आमचा ऑपरेटर. मी तिथेच आहे हे त्याला माहीत नव्हतं... किंवा असेलही. मला राग आला नाही. शाळेपासून असलं ऐकत आलेय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात हा जोक बरा होता.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे, न उलगडलेले अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचते. कधी साधी कमेंटसुद्धा केली नाही. ज्यांना स्वयंपाक करायचाच नसतो ती माणसं रेसिपीचे व्हिडिओ बघतात ना, तसं. विश्वास वगैरे अजिबात नव्हता. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. एखादी वस्तू हलली म्हणजे तिला कुठूनतरी सप्लाय मिळालाय, एवढंच मला शिकवलंय आणि एवढंच मी मानते. मानत होते... अजूनही मानते, फक्त एक जागा सोडून. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की चिंचोली एमआयडीसी मागे पडते आणि मोहोळच्या अलीकडे एक थीम पार्क लागतं. नाव लिहीत नाही. पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी रेल्वे, आणि मागच्या बाजूला एक एसी हॉल. त्या हॉलमध्ये थोर पुढाऱ्यांची सभा भरते. माणसाएवढे पुतळे, पण हलणारे. एकेक जण उठतो, मान वळवतो, हात हलवून भाषण करतो. आमच्या भागातल्या बहुतेक शाळांची सहल एकदा तरी तिथे गेलेली असते. आमचीही गेली होती. पुढारी कोण कोण ते तुम्ही ओळखालच. आम्ही कामात त्यांना पगडीवाले, चष्मेवाले, कोटवाले असंच म्हणायचो. यात अनादर नव्हता. रेवणदादा रोज सकाळी आधी सगळ्यांपुढे हात जोडायचा आणि मगच मेन स्विच लावायचा.

शो फार जुना झाला होता. आवाजात खरखर यायची. कोटवाल्यांचं वाक्य संपलं तरी ओठ हलतच राहायचे, आणि मुलं नेमकी तिथे हसायची. म्हणून पार्कच्या शेठनी आमच्या कंपनीला काम दिलं. नवे चेहरे, नवे आवाज, नवे लाइट. हात मात्र जुनेच ठेवायचे, कारण ते दणकट होते. आत लोखंडी सळया आणि हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर. कोणी कधी मान वळवायची, कुठल्या शब्दाला हात उचलायचा, हे कॉम्प्युटरवर बसवणं माझ्याकडे होतं. काम मला मनापासून आवडायचं. दिवसभर इतक्या लोकांबरोबर असायचं, आणि त्यातलं कुणीच आपल्याला काही विचारत नाही... याहून चांगली नोकरी कुठली?

ओळीच्या अगदी टोकाला एक बाई उभ्या होत्या. इरकल नऊवारी, पदर कमरेला खोचलेला. आमच्याच शहरातल्या, जुन्या काळातल्या गिरणी कामगारांच्या पुढारी. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. जुन्या शोमध्ये निवेदक सांगायचा, की गिरणीत एका मुलीचा हात यंत्रात सापडला तेव्हा बाईंनी अख्खं खातं बंद पाडलं होतं. मग बाई उजवा हात वर करायच्या, पंजा समोर धरून, आणि हळू खाली आणायच्या. एवढंच. त्यांना भाषण नव्हतं, कारण त्यांचं बोलणं त्या काळात कुणी लिहूनच ठेवलं नाही. बाकीच्यांची भाषणं पुस्तकांत आहेत.

भाषण नाही म्हणून नवा आवाज नाही. आवाज नाही म्हणून नवा चेहरा मागवला नाही. आणि सगळ्या नव्या चेहऱ्यांत हा एकच जुना कसा दिसेल, म्हणून बाईंना काढून त्या जागी सेल्फी पॉइंट करायचा, असं ठरलं. आमचे साइट इनचार्ज माने सर मीटिंगमध्ये हे बोलले तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. पण मी मान न हलवल्याचं कुणाच्या लक्षात येणार?

मला बाई जाऊ नयेत असं फार वाटत होतं. शाळेच्या सहलीतलं मला एवढंच आठवत होतं – सगळे बोलत होते, आणि एक जण काहीही न बोलता हात वर करून उभी होती, आणि मी तिच्याकडेच बघत होते. घरून निघाले की रस्ताभर मी माने सरांना काय सांगायचं त्याची वाक्यं तयार करायचे. मराठीत एक, इंग्लिशमध्ये एक. साइटवर पोचेपर्यंत दोन्ही चांगली पाठ व्हायची. मग सर म्हणायचे, “गुड मॉर्निंग,” आणि मी म्हणायचे, “गुड मॉर्निंग, सर.” संपलं.

पुतळ्यांचे कपडे लक्ष्मक्का बघायच्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. संध्याकाळी त्या सगळ्या पुढाऱ्यांवर चादरी घालायच्या, सकाळी काढायच्या. बाईंना तर त्या दर आठवड्याला लुगडं बदलून नेसवत होत्या.

रेवणदादा चेष्टेनं म्हणाला, “अक्का, त्या चालल्या की आता. कशाला येवढी इस्त्री?”

“जाणार म्हणून मळकं नेसून जायचं का रे? तू लग्नाला असाच जातोस वाटतं?”

आता एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑपरेटरची केबिन हॉलच्या मागे, काचेच्या आत. पडदा लावलेला असला की तिथून स्टेज दिसत नाही. म्हणून हवा सोडण्याआधी रेवणदादा ओरडायचा, “एअर सोडतोय! कोन हाय का?” स्टेजवर जो असेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं – “आहे!” मग तो थांबायचा. उत्तर आलं नाही, की हवा सोडायची.

माझा आवाज कॉम्प्रेसरच्या घरघरीत केबिनपर्यंत पोचायचाच नाही. रेवणदादानं दोनदा येऊन बघितलं आणि वैतागून म्हणाला, “मॅडम, तुमी बोलूच नका. पाना घ्या आन् पायपावर वाजवा. मला ऐकू येतंय ते.” मला सुटल्यासारखं झालं. तेव्हापासून मी पाना वाजवायचे. टक टक. सगळे हसायचे, पण चालून जात होतं.

शेठ शनिवारी ट्रायल बघायला येणार होते. आदल्या दिवशी दुपारची गोष्ट. बाकीचे बाहेर लिंबाखाली जेवायला बसले होते. माने सर शहरात गेले होते. बाईंच्या हाताचा हवेचा पाइप सकाळीच काढून गुंडाळून ठेवला होता, कारण ट्रायल झाली की त्यांना उतरवायचं होतं. मी पगडीवाल्यांच्या मेजाखाली शिरले होते. नव्या शोमध्ये ते भाषणाच्या शेवटी मेजावर मूठ आपटतात. मूठ वरून रबराची, आतून लोखंडी. मेजाच्या आतली एक वायर निसटली होती, म्हणून मी वरची फळी काढली होती. माझं डोकं बरोबर फळीच्या जागी होतं. मुठीच्या खाली. आणि हवा सोडली, की ती मूठ आधी एकदा जोरात खाली येतेच.

कॉम्प्रेसर सुरू झाला. मग रेवणदादाचा आवाज आला.

“एअर सोडतोय! कोन हाय का?”

मी पाना चाचपला. पाना नव्हता. तो मी बाहेर, कोटवाल्यांच्या खुर्चीवर ठेवला होता, आणि मधे अडकलेल्या खांद्यामुळे मला पटकन निघता येईना. म्हटलं, ओरडायचं. तोंड उघडलं. “आ...” एवढंच निघालं, आणि तेही मलाच ऐकू येईल न येईल असं. स्वप्नात ओरडता येत नाही ना, अगदी तसं.

तेवढ्यात कुणीतरी बोललं. बाईमाणसाचा आवाज. ओरडणं नव्हतं... घरातल्या घरात सांगावं तसं.

“थांब रे. पोरगी हाय तितं.”

कॉम्प्रेसर बंद झाला. हॉल एकदम शांत. मी मेजाखालून कशीबशी बाहेर आले, तेवढ्यात रेवणदादा पडदा सारून धावत वर आला. आधी त्यानं काढलेली फळी बघितली, मग वरची मूठ, मग मला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“बरं झालं बोललीस, पोरी. लई बरं झालं. पन एवढं हळू कशाला? अगदी कानापाशी बोलल्यागत...” तो थांबला. “कॉम्प्रेसर चालू होता की.”

मी मान हलवली. नाही, मी नाही.

“मग कोन? अक्का?”

लक्ष्मक्का बाहेर होत्या. दारातून आम्हाला दिसत होत्या – लिंबाखाली डबा धूत होत्या.

आणि मग आम्ही दोघांनीही ओळीच्या टोकाकडे बघितलं. बाईंचा उजवा हात वर होता. पंजा समोर.

पाइप खाली गुंडाळलेला, जिथे ठेवला तिथेच. आम्ही बघत असतानाच हात खाली आला. सुटून धपकन पडला नाही. शोमध्ये यायचा तसा, सावकाश, जागेवर जाऊन थांबला. रेवणदादानं पायातली चप्पल काढली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी पण सँडल काढले.

मला भीती वाटली का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते – नाही वाटली. मुठीची वाटली, ती वेगळी. बाकी मनात एकदम शांत वाटत होतं. लहानपणी गर्दीत कुणीतरी आपलं मनगट घट्ट धरल्यावर वाटतं तसं.

नंतर मी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं. सिलिंडरमध्ये उरलेली हवा? पाइपच नव्हता, तोंड उघडं होतं. उन्हानं काही फुगलं? हॉल एसी आहे. मी स्वतः बाईंचा हात वर करून सोडला. दर वेळी लगेच खाली पडला, आवाज करत. हॉलचे स्पीकर? जुना ॲम्प्लिफायर काढला होता, नवा अजून खोक्यातच होता. आणि बाईंच्या पुतळ्यात तर कधी स्पीकर बसवलाच नव्हता. रेवणदादा आधी म्हणत राहिला, की आवाज माझाच असेल, घाबरून वेगळा आला असेल. पण माझ्या तोंडून ‘तितं’ कधी येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. आता तो विषय काढला की नुसता हात जोडतो. लक्ष्मक्कांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. डबा पुसत म्हणाल्या, “मग? बाई अजून काय करणार?”

आई-पपांना मी यातलं अर्धंच सांगितलंय. मुठीचं नाही सांगितलं. ते हे वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

शो आता चालू आहे. ओठ आणि शब्द जुळतात, कोटवाल्यांना कुणी हसत नाही. सगळ्यांची भाषणं झाली, की मागे गिरणीचा आवाज सुरू होतो, वाढत जातो, आणि बाई हात वर करतात. त्याबरोबर सगळं थांबतं. आवाज, लाइट, पुढारी, सगळं. सहलीला आलेली मुलंसुद्धा गप्प होतात. तेवढा भाग मी बसवलाय. बाईंचा चेहरा जुनाच आहे, हनुवटीवर रंगाला एक बारीक भेग आहे, ती तशीच ठेवलीय. सेल्फी पॉइंट बाहेर तिकीटखिडकीशेजारी झाला आणि तिथे जास्त चालतो, असं माने सर म्हणतात.

कधी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बाईंजवळ बसते. पुन्हा काही झालेलं नाही. हात फक्त हवा सोडल्यावरच उठतो. त्या दुपारी तो कसा उठला, आणि कोण बोललं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले इथे असतील तर जरूर विचार करून बघा.

राहिली ती शनिवारची ट्रायल. शेठ आले. पांढरा शर्ट, घाईत. माने सरांनी त्यांना स्टेजवरच आणलं, नवे चेहरे जवळून दाखवले. टोकाशी आल्यावर शेठ म्हणाले, “या बाई अजून इथेच?”

“ट्रायल झाली की लगेच काढतोय, शेठ,” माने सर म्हणाले. “पाइप काढलाय कालच.”

सगळे स्टेजवरून खाली उतरले. मी बाईंशेजारीच उभी राहिले. कॉम्प्रेसर सुरू झाला. पडदा उघडाच होता, काचेमागून रेवणदादाला मी दिसत होते. तरी त्यानं नियमाप्रमाणे आवाज दिला, “एअर सोडतोय! कोन हाय का?” आणि माझ्याकडे बघत थांबला.

पाना माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

“आहे!”

माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. इतका मोठा, की शेठ दचकून वळले. माने सर वळले. सगळेच माझ्याकडे बघत होते, म्हटल्यावर आता उरलंच काय... म्हणून मी पुढचंही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले –

“मी आहे! आणि बाई पण आहेत! त्यांचा पाइप परत जोडल्याशिवाय एअर सोडू नका!”