अप्पांची मूठ उघडणारे इरफानभाई

इरफानभाई गेले. आमच्या अप्पांच्या आधी गेले, हेच पटत नाहीये.

चव्वेचाळीस वय. हार्ट अटॅक. लकवा मारलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना उभं करणारा आमचा फिजिओ स्वतः दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्ट्रोक आला. डावी बाजू गेली. पाय जरा लवकर सुधारला. हाताची मूठ मात्र घट्ट मिटून बसली.

मी अतिशहाणा. मोबाइलवर व्हिडिओ बघून रबरी चेंडू आणला आणि अप्पांना दिवसभर दाबायला लावला.

इरफानभाई हुमनाबादहून स्कूटरवर पहिल्यांदा आमच्या गावाला, दुबलगुंडीला आले, तेव्हा आधी त्यांनी तो चेंडू काढून घेतला.

"अण्णा, कामून द्यायलाव हे? मूठ आधीच मिटायलीय. उघडायची कुणी?"

राग आला होता मला. खोटं कशाला बोलू.

मग ते खाटेवर अप्पांशेजारी बसले. ह्या हातानं तुम्हाला काय करायचंय, असं विचारलं. तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

अप्पांनी उजव्या हातानं गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं.

आमच्या लिंगायतांत डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करतात. स्वतःच्याच तळहातावर, दुसऱ्याच्या हातावर द्यायचं नसतं. त्यामुळं अप्पांची पूजा थांबली होती आणि पूजेशिवाय त्यांना घास गोड लागत नव्हता.

"मग तेच करू," इरफानभाई म्हणाले.

परातीत तूर ओतून त्यात हात बुडवायचा. अंगठ्यापासून एकेक बोट हळूहळू सोडवायचं. तळवा खाटेवर टेकवून त्यावर भार द्यायचा.

मग उघड्या तळव्यावर लिंबू ठेवायचं. ते घरंगळायचं. अप्पा चिडायचे, शिव्या मला द्यायचे. इरफानभाई खाटेखाली वाकून लिंबू काढायचे आणि परत ठेवायचे.

आई शर्टाची बटणं लावायला धावली की तिलाही अडवायचे. "अव्वा, त्येंचं त्येंना करू द्या."

आठ महिने चाललं हे. एका सकाळी लिंबू तळव्यावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा पूजेला बसले. इरफानभाई मुद्दाम लवकर आले होते, पण आत आले नाहीत, बाहेर ओट्यावरच थांबले. पूजा झाली म्हणून सांगायला गेलो, तर हा माणूस रुमालानं डोळे पुसत बसलेला.

आज त्यांच्या मातीला अप्पा काठी टेकत आले. कबरीत तीनदा माती देतात, दोन्ही हातांनी. मी अप्पांचा डावा हात धरायला गेलो.

"सोड," अप्पा म्हणाले. "त्येनं शिकवलंय मला."

बोटं हळूच उघडली. माती पडली. तीनदा.

मग अप्पांनी दोन्ही हात जोडले. आमच्यात नमस्काराला म्हणतात, तेच मीही म्हणतो.

शरणु शरणार्थी, इरफानभाई.