माझी पोर, तिची शिट्टीताई

गळ्यात शिट्टी घालून मैदानावर यायची आणि ती कधी म्हणजे कधी वाजवायची नाही, अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. मुलींनी तिचं नावच शिट्टीताई पाडलं होतं. "वाजवत का नाही गं?" असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, वाजवली की पोरी शिट्टीकडं बघतात. नाय वाजवली की एकमेकींकडं बघतात." घ्या, उत्तरसुद्धा कसं तयार! तेव्हापासूनच ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

ती तुडील गावची. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. सकाळची शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून थेट शाळेच्या मैदानाशी उतरायची. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात फुटबॉलचे बूट. पोरींना फुकट शिकवायची. माझी जुई सातवीत तिच्याकडे जायला लागली आणि आमच्या स्टेशनरीच्या दुकानात दिवसभर एकच जप सुरू झाला. ताई असं म्हणाली, ताई तसं म्हणाली. कान किटले माझे.

जुईला तिनं गोलकीपर केलं. गावाहून भाताचा पेंढा आणून मैदानाच्या कोपऱ्यात पसरला आणि कितीतरी दिवस पोरीला त्यावर नुसतं पाडलं. "आधी पडायला शीक गो, बॉल अडवायचं मग बघू." पोर घरी यायची ती केसांत, मोज्यांत पेंढा घेऊन. तो वेचायला मी! जन्मल्यापासून हिला पडू नको, पडू नको म्हणून जपलं मी, आणि पाडणारी बाई मात्र लाडकी.

आपल्या मैदानावर सामना झाला की समोरच्या संघाला आधी गूळपाणी द्यायचं, हा तिचा कायदा. जिंकलो तरी, हरलो तरी. "आपल्याकडं आल्या म्हंजे पाहुण्या त्या. त्यांच्याआधी घोटभर प्यायचं नाय." जुई घामाघूम अवस्थेत तांब्या घेऊन धावायची. हीच जुई घरी आत्या आली तर पंख्याखालून हलत नाही! पाहुण्यांना पाणी दे म्हणून मी घसा कोरडा केला. तिनं एकदा सांगितलं आणि झालं. मग जळफळाट होणार नाही तर काय?

खरा घाव पुढेच बसला. जुईला पहिली पाळी आली ती मैदानावर, आणि तिनं ते आधी ताईला सांगितलं. ताईनं तिला दारापर्यंत आणून सोडलं. "आईला तूच सांग, मी नाय सांगनार," एवढं बोलून उंबऱ्याच्या आतही न येता परत गेली. केवढा तो शहाणपणा! मला तोही सोसला नाही. जरा आगाऊपणा केला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग पोलादपूरच्या स्पर्धेतला अंतिम सामना. शेवटपर्यंत बरोबरी होती. जुईनं झेप घेऊन बॉल धरला, टाळ्या पडल्या, पण तिनं धरेपर्यंत बॉल गोलरेषा ओलांडून गेला होता. पंचांनी ते पाहिलंच नाही. जुई आपणहून उठली आणि म्हणाली, "सर, गोल झालाय." आम्ही हरलो. मी हात पसरून उभी होते. पोर माझ्या शेजारून धावत गेली आणि ताईच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली.

परतीच्या गाडीत मी ताईला धरलंच. "पोरीला जरा गप्प बसायलाही शिकव की!"

"वहिनी, ती बोलली तवा मला पन वाटलं, गप बसली असती तर बरं. पन आज तिथं गप बस बोलले, तर उद्या ती तुमच्याशी पन गप बसंल."

माझ्याशी बोलतेय कुठं ती, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

यंदा तिचं लग्न ठरलं. नवरा वापीच्या कंपनीत. मी केळवण केलं, साडी नेसवली, तोंड भरून आशीर्वाद दिला आणि तो मनापासून दिला, कारण बाई गुणाचीच होती. पण आत कुठेतरी म्हटलं, सुटले एकदाची!

ती वापीला गेली त्या संध्याकाळी जुई शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली. किती दिवसांनी! मी थोपटत राहिले. मनातल्या मनात गारगार झाले, खोटं कशाला बोलू?

"आई, ताईला फोन लाव ना."

मीच लावला. पलीकडून "बोल गो जुई" ऐकू आलं, तशी पोर मांडीवरून उठली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.