आमच्या दादासाहेबांचं रडणं

जॅझ ऐकणाऱ्यांत अख्ख्या संभाजीनगरात माझा पहिला नंबर लागतो. आता खरं सांगायचं तर ऐकणारे आम्ही दोघंच. दुसरा छावणीतला नासीरभाई, आणि त्याला विचाराल तर पहिला नंबर त्याचा!

तरीपण पुंडलिकनगरात कुणालाही विचारा, "जॅझवाले जाधव कुठं राहतात?" बरोबर माझ्या दारात आणून सोडतील. वर सांगतील, "जरा जपून हं, म्हातारा लई फेकतो." तर या फेकणाऱ्या म्हाताऱ्याची परवा काय शोभा झाली ते ऐका. हातातला चहा आधी संपवा मात्र, नाहीतर नाकातून यायचा.

शाळा माझी सातवीपर्यंत. इंग्रजी तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. पण तरुणपणी वाळूजला कारखान्यात होतो, तिथं मशीन बसवायला एक गोरा साहेब आला आणि काम करताना टेप लावायला लागला. त्यात सॅक्सोफोन वाजायचा. मला वाटलं, हा माणूस काहीतरी सांगतोय, मधेच विसरतोय, पुन्हा आठवून भलतंच सांगतोय. मग पुढं काय सांगणार? ही जी खाज सुटली ती सुटलीच. साहेब मायदेशी गेला आणि मी छावणीच्या आठवडी बाजारात जुन्या तबकड्या हुडकत हिंडायला लागलो.

तिथंच मला दादासाहेब भेटले.

म्हणजे तबकडी भेटली. मोठी, ताटाएवढी. मधल्या गोल कागदावर उभ्याआडव्या काड्यांसारखी अक्षरं. चिनी की जपानी, देव जाणे. मला काय करायचंय वाचून? पण नासीरभाई बेरकी. तो कुणाकडून तरी वाचून घेईल, नाव हुडकील आणि दुसरी मिळवील, म्हणून मी काय केलं? जुन्या कॅलेंडरचा कागद गोल कापला आणि खळ लावून त्या अक्षरांवर पक्का चिकटवला. बस म्हटलं बोंबलत!

आता तबकडी कोणत्या वेगानं फिरवायची, याचा माझा नियम साधा. लहान तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर, मोठी तेहतिसावर. प्लेअरला तसं बटणच असतं.

सुई ठेवली आणि काय सांगू! बाप्याचा आवाज. जड, खोल, विहिरीतून आल्यासारखा. शब्द एक कळेना, पण गडी रडत होता हे नक्की. एकेक सूर असा लांबवायचा की मी इकडं श्वास धरून बसायचो आणि माझाच आधी सुटायचा. मला सारखं वाटायचं, एवढा दम माणसाला येतो कुठून? आणि दुःख तरी कसलं असेल हो? मागं ढोल वाजवणारासुद्धा जेवून सुस्तावल्यासारखा वाजवायचा.

नाव माहीत नव्हतं, म्हणून मीच ठेवलं दादासाहेब. मग कुणी विचारलं की सांगायचो. एकदा ते बंदरावर हमाल होते. एकदा त्यांची बायको वारली. पुढच्या वेळी तीच बायको पळून गेली! शेजारच्या काकू पदर डोळ्याला लावायच्या. सांगून सांगून शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं. सकाळी दादासाहेब ऐकले नाहीत तर चहा गोड लागायचा नाही.

आमच्या हिला मात्र काही कौतुक नाही. "अहो, त्या बाबाला गप करा की. दिवस उजाडला नाय तर रडाया लागला!"

नासीरभाईचा तर जीव त्या तबकडीत. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला त्याचा, बोटं अशी की डासाच्या पायात चप्पल घालील. आला की एकच धोशा, "मियाँ, एक बार मेरे मशीन पे बजाने को दे."

"दादासाहेब उंबरा ओलांडत नाहीत," मी सांगायचो.

परवा तो आला. मी खारी आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तर पठ्ठ्या तबकडी हातात घेऊन उजेडात न्याहाळत बसलेला. मी हिसकावून घेतली, तो हसला. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई ठेवली आणि थरकलो.

बाई! आतून बाई गात होती! तीपण कशी, तर लग्नाच्या घरात कलवरी मिरवावी तशी. ठुमकत, हसत. ढोलवाला तर पिसाळलेला. माझे दादासाहेब कुठं गेले?

डोक्यात लख्ख उजेड पडला. नासीर! मी खारी आणेपर्यंत त्यानं माझा कागद सोडवला, दुसऱ्या तबकडीला चिकटवला आणि दादासाहेबांना पिशवीत घालून नेलं!

तबकडीवर एक जुना चरा होता, तिथं सुई 'कट्' करायची. या बाईच्या गाण्यातपण तिथंच 'कट्' झालं. एखाद्या शहाण्याला शंका आली असती. मी काय म्हणालो माहिताय? "वा रे कारागीर! चरासुद्धा हुबेहूब पाडला!"

तबकडी पिशवीत घातली, स्कूटरला लाथ मारली आणि थेट छावणी. नासीरभाई दारात नातवंडांच्या चपला लावत बसला होता.

"चोरा! माझे दादासाहेब काढ!"

"कौन दादासाब? सुबे सुबे क्या पी के आया रे?"

"तबकडी बदललीस तू. हिच्यात बाई निघाली!"

त्याची सून दाराआडून तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. नासीरभाई मात्र हसला नाही. चेहरा उतरला त्याचा. एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि मी सुनेदेखत चोर म्हणालो.

"जा अंदर," तो म्हणाला, "सब रेकॉर्डां देख ले. मिली तो मेरे मुँह पे थूक. नई मिली, तो तेरी वो तबकडी मेरी. कबूल?"

"कबूल!" मी छाती काढून म्हणालो.

कपाट उपसलं. पलंगाखाली रांगलो. धान्याच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. दादासाहेब नाहीत.

"अब तेरी औरत तो सुना," म्हणत त्यानं माझ्या पिशवीतली तबकडी काढून आपल्या मशीनवर ठेवली.

आणि दादासाहेब रडायला लागले!

तेच. जड, खोल, विहिरीतले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

नासीरभाई कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ये औरत है?"

"घरी होती... शप्पथ, घरी बाई होती."

"तेरे घर में औरत, मेरे घर में मर्द? रस्ते में क्या हुआ इसको?"

पण आता त्यालाही चैन पडेना. टोपी घातली, स्कूटरवर मागं बसला, तबकडी मांडीवर. पुंडलिकनगरात आलो, माझ्या प्लेअरवर लावली.

बाई!

आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यावर बसून प्लेअरमध्ये डोकं घालून बघायला लागलो. नासीरभाईनं कान लावला. मग बोट लावलं. आणि मग त्या घड्याळवाल्यानं फिरणारी तबकडी नुसती बघत बसून मान हलवली.

"मियाँ, ये दौड़ रही है."

बघतो तर बटण पंचेचाळीसवर! नासीरभाईच्या मशीनचं तेहतिसावर होतं.

"कुणी फिरवलं हे?" मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्या. काल सांजच्याला फडक्यानं पुसताना. म्हटलं, बघू तरी, बटण फिरवून तो बाबा गप बसतोय का."

"अगं, म्हणून तर दादासाहेब बिघडले की! मोठी तबकडी तेहतिसावरच..."

नासीरभाईनं बोलू दिलं नाही. थुंकी लावून लावून माझा कॅलेंडरचा कागद नखानं सोलून काढला. खाली त्या काड्यांच्या अक्षरांच्या शेजारी, मला वाचता येईल असा, ठसठशीत छापलेला आकडा होता. पंचेचाळीस.

मीच झाकला होता. ह्याच हातांनी, खळ लावून.

म्हणजे ना हमाल, ना पळालेली बायको. इतकी वर्षं एक हसरी बाई गात होती आणि मी तिला पाय ओढत चालायला लावत होतो!

नासीरभाईनं तबकडी रुमालात गुंडाळली. वायदा तो वायदा. मी केविलवाणं तोंड करून हिच्याकडं बघितलं. म्हटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल.

नासीरभाईनंच विचारलं, "भाभी, ले जाऊँ ना इसको?"

ही पदराला हात पुसत दारात आली. आधी तबकडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्या की भाईजान, खुशाल न्या. चांगली हसत-गात आलेली बाई या घरात रडाया कशी लागती, ते मला इचारा!"