रॉकेलचा फ्रीज

सत्तर सालानंतरची ती वर्षं. नर्सचं शिक्षण संपवून मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्यात रुजू झाले. आमचं घर पिंगळीचं, वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिलीच मुलगी.

दवाखान्यात एक थोरल्या नर्सबाई होत्या. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, मीही म्हणू लागले. पहिल्याच दुपारी त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. गावात मला खोली मिळत नव्हती. आडनाव ऐकलं की घरमालकाकडं एकाएकी पाहुणे यायचे असायचे. ताईंनी आपल्या क्वार्टरमधली खोली मला दिली. त्या बाईसाठी मी काहीही केलं असतं.

लशी ठेवायला दवाखान्यात फ्रीज होता, पण वीज नसल्यानं तो रॉकेलवर चालायचा. परभणीला शिकताना मी विजेचा फ्रीज पाहिला होता. त्यात मोटर घरघरते, गॅस दाबते आणि फिरवते, एवढं कळत होतं. पण खाली दिवा पेटवायचा आणि वर बर्फ धरायचा, हे मला काही केल्या पटेना. ताईंनी फ्रीजच्या मागं बसवून मला समजावलं.

"ह्या नळीत पानी हाय, त्यात आमोनिया मिसळलेला. जाळ लागला की आमोनियाची वाफ हून वर जाती. वरच्या जाळीत निवून ती पातळ व्हती अन् आतल्या कप्प्याकडं उतरती. तितं ती परत उडायला लागती, अन् उडताना आतली गरमी घिऊन जाती. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं का न्हाई? तसंच हे. मग ती वाफ पुन्हा पान्यात जिरती अन् जाळापाशी येती. मोटर न्हाई, काई न्हाई."

ज्योत निळी राहिली पाहिजे, पिवळी झाली की काजळी धरते आणि गारवा जातो, हे त्यांनीच शिकवलं. आणि उलटही सांगितलं. वात फार मोठी केली तर आत सगळं गोठतं. लहान मुलांना देतात ती त्रिगुणी लस एकदा गोठली की वाया गेली. वितळली तरी तिच्यात गुण राहत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांच्या बहिणीची सोयरीक ठरली. त्यांचा बंगला दवाखान्याला लागूनच, पाहुणे तिथंच आले होते. त्या दुपारी मी पाहिलं तर ताई वाकून फ्रीजची वात मोठी करत होत्या.

"डाक्टरच्या बाईसायबांना सरबताला बर्फ पायजे," त्या म्हणाल्या.

"ताई, आत त्रिगुणी हाय."

"मला शिकवतीस का गं? पाव्हणे उठले की कमी करते. मी हाय ना, तू जा बिनघोर."

मला दुसऱ्या गावी एका बाळंतिणीकडं जायचं होतं. ताई आहेत म्हटल्यावर मी खरंच बिनघोर गेले.

दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा लसीच्या बाटल्या दगडासारख्या झाल्या होत्या. एक वितळवून हलवली, तर आत पांढरे कण तरंगून तळाशी बसू लागले. बाहेर आसपासच्या गावांतून आलेल्या आया लेकरं घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "देऊन टाका, कोण बघतंय?" मी दिली नाही. आयांना सांगितलं, लस खराब झाली, नवी आली की निरोप धाडते. उन्हातून आलेल्या बाया चिडल्या, गावात बोभाटा झाला, आणि आठवड्यात परभणीहून चौकशीला साहेब आले.

मला भीती वाटली नाही. ताईंना सगळं ठाऊक होतं.

साहेबांनी ताईंना विचारलं. ताई माझ्याशेजारीच उभ्या होत्या. "फ्रिज हिच्याकडंच आसतो सायब," त्या म्हणाल्या. "नवी हाय. ह्यांच्यात कुणी घरात फ्रिज बघितलेला आसतोय? वाढली आसंल वात चुकून."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी मान डोलावली. मी खरं ते सांगितलं, पण ताईंच्या त्या एका वाक्यानंतर माझं कुणाच्या कानात शिरलंच नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "ताई, असं का केलंत?"

"माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायत. डाक्टरच्या घरचं नाव घिऊन मी कुठं जाऊ? तू तरणी हायस, बदली हुईल, दुसरं काय व्हनार हाय?"

"ते समजलं. पण 'ह्यांच्यात' कशाला म्हनलात?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तोंडातून गेलं," म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

नोकरीच्या कागदावर ठपका ठेवून मला गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या बाजूला पाठवलं. ठपक्याचं दुःख मी विसरले असते. पण हातावर भाकरी ठेवताना त्या बाईच्या मनात मी सारा वेळ 'ह्यांच्यातली' होते, हे कळल्यावर मागचे सगळे दिवस नासले.

काही वर्षांनी परभणीला लसीकरणाचं शिबिर होतं. मी मागच्या बाकावर होते. त्रिगुणी गोठली तर काय होतं, असं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर पुढच्या रांगेतून ताई उठल्या. केस पांढरे झालेले. उत्तर त्यांनी अचूक दिलं. मग हसून म्हणाल्या, "आमच्याकडं एका नव्या नर्सनं गोठवली व्हती पुरी पेटी. वातच कळत नव्हती तिला."

सगळे हसले. मी उभी राहिले.

"ती नर्स मी. वात कुणी मोठी केली, ते पन सांगा की ताई."

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. "लय दिवस झाले," त्या हळूच म्हणाल्या, "आता ध्यानात न्हाई." आणि खाली बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी खडू उचलून फळ्यावर पुढचा तक्ता काढायला घेतला. चहाच्या सुट्टीत ताई माझ्याकडं येऊ लागल्या, तेव्हा मी पिशवी उचलली आणि गंगाखेडची गाडी धरली.