तार्खेलिया आणि घळ

आमच्याकडे ज्वालामुखीला कुणी ज्वालामुखी म्हणत नाही, आई म्हणतात. आई खोकली, आईनं पीठ चाळलं, आई केस धुतेय. तार्खेलिया पिलामुंगाही असंच बोलायची. मग वेधशाळेच्या इंजिनियर उर्बिनांनी तिच्या अंगणात रेडिओ बसवला. तिचं घर घळीच्या काठावर, समोर थेट शिखर. टेहळणीला याहून चांगली जागा नव्हती.

"तार्खेलियाबाई, खोकली म्हणजे स्फोट झाला की नुसता कंप? आणि पीठ म्हणजे राखच ना? मग राख म्हणा."

"आईच्या तोंडावर राख म्हणू?"

"रेडिओवर म्हणा. ती काही ऐकत नाही."

"ती तेवढंच ऐकते, साहेब."

पण शिकली. चाळीस वर्षं बटाटे काढलेली बाई विवर, भेग, वाफ, लाव्हा असे शब्द काळजीपूर्वक उच्चारू लागली, परक्याच्या घरातली भांडी हाताळावीत तसे. शिखरावर पाऊस झाला की साचलेली राख आणि दगडगोटे घळीतून खाली येतात. आमच्यासाठी ते आईचं केस धुणं, उर्बिनांसाठी चिखललोंढा. तो शब्द तिला सगळ्यात जड गेला. नियम मात्र सोपा होता. शब्द दोनदा सांगायचा आणि खालून 'ऐकलं' येईपर्यंत जागा सोडायची नाही. तिच्या घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत लोंढ्याला जेमतेम दोन मिनिटं लागत. त्या रस्त्यावर गाड्या अडवायला दोरी आणि दुसरा रेडिओ घेऊन मी असे.

घळीपलीकडची घरं सरकारनं रिकामी करवली होती. माणसं निघाली, पण खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग आणि कोंबड्या तिथंच राहिल्या. रोज दुपारी कुणी ना कुणी गवताचा भारा घेऊन घळ ओलांडायचा. पाऊस वर शिखरावर पडतो, इथं डोक्यावर ऊन असतं. त्यामुळे घळीत उतरलेला माणूस आभाळाकडे बघत नाही. काठावर बैलाचं शिंग टांगलेलं आहे, ते कुणीतरी फुंकेल यावर तो विसंबतो.

तार्खेलियाचा नवरा मेलेसियोही एका दुपारी भारा घेऊन निघाला आणि तसाच विसंबला.

"जातो गं. शिंगाकडे लक्ष असू दे, नाहीतर बसशील रेडिओशी गप्पा मारत."

"तो निदान माझं ऐकून तरी घेतो."

तो घळीच्या मध्यावर पोचला आणि वरून दगडांचा घरघराट तिला ऐकू आला. शिंग चाळीस पावलांवर होतं, रेडिओ हाताशी.

माझ्या कानात तिचा आवाज आला. "चिखललोंढा. मोठा. चिखललोंढा. मोठा."

"ऐकलं," मी म्हणालो. रेडिओच्या खरखरीत ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज तसाच, सपाट. मी पुन्हा ओरडलो आणि रस्त्यावर दोरी आडवी ओढली. बाजाराची बस करकचून थांबली.

"आभाळ कोरडं ठणठणीत आहे आणि तू दोरी लावतोस? दारू प्यालायस का?" ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला. त्याचं बोलणं संपायच्या आत पुढचा रस्ता नाहीसा झाला.

वर शिंग वाजलं तेव्हा मेलेसियोच्या पायाखालची जमीन आधीच थरथरत होती. तो एका खडकावर चढला, पण डावा पाय चिखलात सापडला. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

खाटेवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "आधी कुणाला सांगितलंस?"

"रस्त्याला."

"बसमध्ये किती होते?"

"एकतीस."

"बरं केलंस," तो म्हणाला. तार्खेलिया चुलीकडे वळली. तिनं तिसऱ्यांदा सांगायच्या आधीच मी ऐकलं होतं, हे मी दोघांनाही अजून बोललेलो नाही.

मेलेसियो आता घळीपलीकडे लंगडत जातो, पण जातो. मात्र निघताना तिला सांगत नाही. मागच्या दारानं बटाट्याच्या वाफ्यातून सटकतो. एकदा मी त्याला अडवलं. "अरे बाबा, निदान सांगून तरी जा."

"तिला माहीत नसलं की तिला निवडावं लागत नाही," तो म्हणाला.

तिला माहीत असतंच. भिंतीवरचा गवत कापायचा विळा जागेवर नसतो. ती रेडिओपाशी बसते आणि शिखराकडे बघते. घळीकडे बघत नाही.