बोरदऱ्याचं आभाळ

सुहास धर्माधिकारी नगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. चंचुपात्रं धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांच्या काचा गोळा करायच्या, हे त्यांचं काम. त्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. शाळेत त्यांना 'सर' म्हणायचं की नुसतं 'सुहासभाऊ', हे मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुणी ठरवलं नाही. बोरदरा नावाच्या डोंगरातल्या वस्तीत ते पहिल्या दिवसापासून सर होते, आणि त्या दोन अक्षरांवर हा माणूस मनातून फार खूश होता.

कॅमेरा त्यांच्या हातात आला पंचेचाळिशीत. मग चांदबीबीचा महाल झाला, भुईकोट किल्ला झाला, निघोजचे रांजणखळगे, रतनवाडीचं मंदिर, हरिश्चंद्रगडाचा कडा, सगळं झालं. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये भिंत दिसेना इतक्या तसबिरी. यांनी जिल्ह्यातला दगड न् दगड टिपला, माझा मात्र आधार कार्डावरचाच काय तो फोटो, असं त्यांच्या पत्नी प्रेमलाताई आल्यागेल्याला सांगत. सुहासराव ओशाळून हसत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा स्कूटरला किक मारत.

बोरदरा सापडलं ते अकरा वर्षांपूर्वी. पाथर्डीच्या पुढे डोंगरात वसलेली शे-दीडशे उंबऱ्यांची वस्ती, आणि खाली आप्पासाहेब कराळ्यांच्या रानाला लागून महादेवाचं काळ्या दगडाचं मंदिर. शिखर अर्धं ढासळलेलं. तिथे एका पहाटे सुहासरावांनी पाहिलं, की फाल्गुनातल्या अमावास्येच्या सुमारास चार वाजता आकाशगंगा अशी वर चढते की ढासळलेल्या शिखराची जागा बरोब्बर भरून निघते. खाली दगड, वर चांदणं, आणि मंदिर पुन्हा पुरं. त्या दिवसापासून त्यांना दुसरा कुठला फोटो फोटोच वाटेना.

अकरा वर्षांत तो फोटो काही झाला नाही. एकदा ढग आले, एकदा आई गेली, दोन वर्षं साथीत गेली, एकदा शेजारच्या रानात पाचट पेटवल्याचा धूर. दर वर्षी त्या एका रात्रीसाठी ते आप्पासाहेबांच्या ओसरीवर मुक्काम ठोकत. गोजरबाई, म्हणजे आप्पासाहेबांची मंडळी, त्यांना बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढायची. काळोखात दगडांचे फोटो काढून काय मिळतं, हे तिने एकदाही विचारलं नाही. सुहासरावांना त्या घराची ओढ लागली त्याचं अर्धं कारण हेच असावं.

मग डोळे बिनसले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कड गेली होती, उजव्याची जायला लागली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब घालून राखायची, आणि अंधारात एकट्याने हिंडायचं नाही. प्रेमलाताईंनी स्कूटरची किल्ली काढून घेतली. बोरदऱ्याच्या लोकांना खरं काय ते सांगा, असंही बजावलं. सुहासरावांनी मान हलवली. कॅमेऱ्याचा माणूस डोळ्यांनी अधू झाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लोक चुकचुकतील, पुढच्या वर्षी हात धरून मंदिरात नेतील आणि दर्शन घडवून परत आणतील. ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

गेल्या वर्षीची पहाट दहा वर्षांत मिळाली नव्हती इतकी स्वच्छ होती. सुहासराव कॅमेरा घेऊन मंदिराकडे निघाले, आणि देवळाच्या दारातली पायरी, जिच्यावर ते दहा वर्षं चढत-उतरत होते, तीच त्यांना दिसली नाही. कपाळ फुटलं, भिंग फुटलं, आणि आकाशगंगा शिखरावर तासभर उभी राहून निघून गेली. गोजरबाईने जखमेत हळद भरली. आप्पासाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते, पडलात कसे? सुहासराव म्हणाले, "अंधार फार आहे हो तुमच्याकडे. काही दिसत नाही."

एवढं एकच वाक्य. ते बोलून सुहासराव नगरला आले आणि विसरले. आप्पासाहेब विसरले नाहीत. पाहुणा आपल्याकडे येऊन रक्तबंबाळ झाला, हे त्या माणसाच्या जिव्हारी लागलं होतं.

वर्ष कसंबसं गेलं. नवं भिंग आलं. डॉक्टरांनी या खेपेला स्पष्ट सांगितलं, की पुढच्या वर्षी रात्रीचं काही धरून चालू नका. म्हणजे ही शेवटची अमावास्या. प्रेमलाताईंनी बरीच बोलणी सुनावली आणि अखेर नाइलाजाने होकार दिला. तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आला, की दोन दिवस आधीच या, मंदिरापाशी छोटासा कार्यक्रम ठेवलाय, तुमच्याबिगर व्हायचा न्हाई.

सुहासराव एसटीने पाथर्डीला उतरले. आप्पासाहेब मोटारसायकल घेऊन हजर होते, पण कसला कार्यक्रम ते वाटेत काही केल्या सांगेनात, नुसते हसत होते. संध्याकाळी मंदिरापाशी मांडव, ट्यूबलायटी आणि सनई लावलेला कर्णा. कमानीवर मोठा फ्लेक्स. त्यावर मंदिराचा फोटो सुहासरावांनीच काढलेला, आणि वरच्या मोकळ्या आभाळात गोल गोल चौकटी करून सरपंचांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत अकरा जणांची तोंडं डकवलेली. ते पाहून त्यांना हसू आलं. मग फ्लेक्सच्या मागचा लोखंडी खांब दिसला, आणि हसू जागच्या जागी विरलं.

मंदिरापासून वीस पावलांवर हायमास्ट उभा केला होता. वर सहा दिवे.

आप्पासाहेबांना भाषणाची सवय नव्हती. ते माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "सर आमच्या देवळाच्या दारात पडले. अंधारानं पडले. आमी वर्षभर पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या. आता पुन्यांदा कुनी पडायचं न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पावती नावाची म्हातारी उठून म्हणाली, की तिच्या सुनेला इथंच पान लागलं होतं, साप चावला होता, आता सांजच्याला देवाला यायचं भ्या न्हाई. सुहासरावांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, आणि बटणापाशी नेऊन उभं केलं.

सांगून टाकावं, असं त्यांच्या ओठांवर आलं. अंधाराने पडलो नव्हतो, मी खोटं बोललो, आणि मला तोच अंधार हवा होता. पण समोर ती म्हातारी बसली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी हळूच विचारलं, हा दिवा रात्री थोडा वेळ बंद करता येतो का? आप्पासाहेबांची छाती फुगली. "बंदच व्हत न्हाई, सर. हे बटन नुसतं आजच्यापुरतं, उद्यापासनं आपोआप हाय. अंधार पडला की लागतोय, उजाडलं की इझतोय. पेटीला कुलूप हाय, चावी ठेकेदाराकडं."

सुहासरावांनी बटण दाबलं. रान, बाभळी, मंदिर, फुटके वीरगळ, माणसांच्या घामेजल्या मानासुद्धा पांढऱ्या उजेडात आल्या. अकरा वर्षं जे सांभाळलं ते आपल्याच बोटाने संपवलं, असं त्यांना वाटलं. लोक पेढे वाटत होते. त्यांनीही एक खाल्ला.

पांगापांग झाली तसे ते मंदिराच्या मागे, आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभे राहिले. वर पाहिलं. फाल्गुनात या वेळेला मृग डोक्यावर असतो, तो शोधायला त्यांना कधी आभाळ धुंडाळावं लागलं नव्हतं. आज वर काहीच नव्हतं. एका दिव्याने सगळं आभाळ पुसून टाकलं म्हणून ते दिव्यावर मनसोक्त चडफडले. दिव्यावर चिडणं सोपं होतं.

गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली. "आता दिसतंय ना, सर?" तिने विचारलं.

"दिसतंय, वहिनी. फक्त चांदण्या गेल्या."

"कुटं गेल्या?" तिने दिव्याच्या बाजूने कपाळावर आडवा हात धरला आणि वर पाहिलं. "ह्या काय, हायेत की. ते तीन चांदन्यांचं तिकांडं, त्याच्या खाली ती निळी चांदनी. जरा फिक्या झाल्यात, येवढंच."

सुहासरावांनीही कपाळावर हात धरला. तसाच, आडवा. बराच वेळ धरला. दिवा त्यांच्या हाताच्या आड गेला होता, आणि वर काही नव्हतं.

गोजरबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने हायमास्टकडे पाहिलं, मग गेल्या वर्षीच्या त्या पायरीच्या दिशेने. तांब्या खाली ठेवून तिने सरांचा दंड धरला आणि त्या लख्ख उजेडात त्यांना हळूहळू मंदिराच्या पुढे आणलं.

"पायरी हाय, सर," ती म्हणाली. "पाय उचला."