तळासरीच्या विहिरी आणि ज्याला मामा नाही तो

तन्मयचा फोन आला तेव्हा मी पोहे भाजत होतो. "मामा, चार दिवस तळासरीला येता का? विहिरी मोजायच्यात." म्हटलं, अरे बाबा, मी जन्मभर दुकानात कापड मोजलं, विहिरीतलं मला काय कळतं? तर म्हणतो, "कळायला नको. नुसते बरोबर असा."

तन्मय माझ्या बहिणीचा मुलगा. भूगोलात पीएच.डी. करतो. तळासरीकडच्या पाड्यांवरच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं, हा त्याचा विषय. त्यांच्या विभागाचा नियम असा की विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. एकानं वजन बांधलेली फीत सोडून आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, मगच लिहायचा. नियम शहाणपणाचा आहे. पण गेल्या वर्षी विभागाच्या कार्यक्रमाला हा रोहनला घेऊन गेला आणि "हा माझा साथीदार, आम्ही एकत्र राहतो" अशी सरळ ओळख करून दिली. तेव्हापासून याच्याबरोबर जायला कुणाला सवडच होईना. भांडलं कुणीच नाही हो! एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची पाठ धरलेली. रोहनला नेऊ का विचारलं, तर मार्गदर्शक सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "घरचं कुणी वडीलधारं आणा, नाहीतर यंदा राहू दे." यंदा राहिलं म्हणजे वर्ष पाण्यात. मी पोहे तसेच ठेवले आणि पिशवी भरली.

नाशिकहून जव्हार, कासामार्गे डहाणूची एसटी धरली. आम्हा म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. एक सांगतो, मे महिन्यात जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा आणि पाणी दुप्पट घ्या. जव्हार सोडलं की डोंगर असे तपकिरी, जणू तव्यावर विसरलेली भाकरी. आशागड मागे पडलं आणि चिकूच्या वाड्यांची सावली दिसली तेव्हा कुठे डोळे निवले.

डहाणू रोडला स्टेशनजवळ लॉज घेतला. गल्ल्यावरच्या शेठनं आमच्याकडे पाहून विचारलं, "बाप-बेटा?"

"मामा-भाचा," मी म्हटलं.

"तो तो सारू," मग छान, असं गुजरातीत म्हणत त्यानं किल्ली दिली. जिन्यात तन्मय म्हणाला, "रोहनबरोबर आलो होतो तेव्हा खोली शिल्लक नव्हती." त्या लॉजचं नाव मी इथे लिहीत नाही, शिफारसही करत नाही. चहा मात्र समोरच्या टपरीवर घ्या, आलं ठेचून घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळासरी, तिथून शेअर रिक्षानं फाट्यापर्यंत, पुढे पायी. जानीबाईच्या घरी मुक्काम. तन्मय दोन वर्षं तिथेच उतरतो. पहिल्या विहिरीवर त्यानं फीत माझ्या हाती दिली. वजन पाण्याला टेकलं तसा मी आकडा वाचला. त्यानं वाकून पाहिलं आणि हसायलाच लागला.

"मामा, बोटभर जास्त सांगितलंत!"

सवय! आमच्या दुकानात मीटर भरला की वर बोटभर सोडूनच कात्री लावायची. गिऱ्हाइकाला कमी पडलं असं कधी होऊ द्यायचं नाही, हे दुकानाच्या शेठनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं. अंगठा आपोआप पुढे सरकला होता.

"विहीर गिऱ्हाईक नाही हो मामा. तिला जेवढ्यास तेवढं."

मग त्यानं वाचायचं, मी परत म्हणायचं, असं ठरलं. "सहा पूर्णांक दोन!" "सहा पूर्णांक दोन!" विहिरीतून तिसराच कुणीतरी ओरडायचा. पोरं काठावर जमून आमच्यामागून आकडे म्हणायला लागली. तन्मयला इतका मोकळा हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

पण पाणी पाहिलं की हसू ओसरायचं. तळाशी परातीएवढं, गढूळ. बाया आत उतरून वाटीनं हंडा भरत होत्या.

संध्याकाळी जानीबाईनं नाचणीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. वाढता वाढता म्हणाली, "यंदा तरी लगीन झालं का रे तुझं?"

मी घास हातात घेऊन थांबलो. तन्मय म्हणाला, "मावशी, मी रोहनबरोबर राहतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर फिरायला आला होता तो."

"तो उंच? चष्मेवाला?" ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. "मग रांधतं कोण?"

"तोच. माझं करपतं."

"करपणारच. तुझं ध्यान विहिरीत." मग म्हणाली, "आयशीला ठाऊक आहे?"

"आहे. ती बोलत नाही माझ्याशी."

 मी हातातला घास तोंडात घातला; ती आई माझीच बहीण. कितीदा समजावलं तिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जानीबाईला पटलं की नाही, देव जाणे. तिनं त्याच्या ताटात आणखी एक पळी डाळ घातली.

उरलेल्या विहिरी दोन दिवसांत उरकल्या आणि आम्ही डहाणूला परतलो. तिथल्या एका कॉलेजात भूगोलाच्या प्राध्यापकांची वार्षिक सभा होती. दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई तन्मयचा ठराव मांडणार होत्या. मागणं एवढंच: तन्मयसारखा विद्यार्थी मोजणीच्या जोडीदारावाचून अडू नये, विभागानंच जोडी लावून द्यावी, गरज पडल्यास वेगळी खोली द्यावी आणि काही त्रास झाला तर सांगायला एक माणूस नेमावा. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं.

अध्यक्ष गोड बोलणारे. "तन्मयबद्दल आम्हाला आपुलकीच आहे. पण हा भूगोलाचा विषय नाही."

बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "सर, विहिरीपर्यंत कोण पोचू शकतं आणि कोण नाही, हा भूगोलाचा विषय नाही तर कशाचा?"

कुणीतरी हसलं. तन्मयचे सर म्हणाले, "पण त्याची सोय झालीच ना! मामा आले."

तन्मय उठला.  "माझे मामा आले, सर. ज्याला मामा नाही, त्यानं काय करायचं?"

 मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या वर्षी विचार करू. जेवण गार होतंय." मतासाठी हात वर करा असंही कुणी म्हटलं नाही. खुर्च्या सरकल्या, माणसं पुऱ्यांकडे गेली. दोन तरुण मुली तन्मयजवळून जाताना थांबल्या. एकीनं त्याचा हात दाबला आणि कुणी पाहिलं का म्हणून मागे बघितलं.

आम्ही न जेवताच निघालो. चिकू मात्र घेतले. झाडावरचे कडक घ्या, घरी पिकतात. स्टँडवर तन्मयनं फीत माझ्या पिशवीत टाकली. "मोजणी पूर्ण झाली मामा. आकडे देऊन टाकतो आणि थांबतो. रोहनच्या गावी नकाशांच्या कंपनीत काम मिळतंय."

"प्रबंध?"

"बघू."

मी त्याला समजावणार होतो, पण एसटी लागली.

चिकू पिकले, शेजारीपाजारी वाटून झाले. सभेतल्या त्या बाईंचा फोन आला होता: एक मुलगी आहे, तिलाही मोजणीला जोडीदार मिळत नाही, याल का? येतो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, असे किती मामा पुरणार?

फीत कपाटात आहे, तळासरीची माती लागलेली. चार हात कापड न्यायला आलेल्या अनोळखी माणसालाही आम्ही बोटभर जास्त द्यायचो. त्या सभेत एवढे शिकलेले लोक होते. त्या पोरानं बोटभर जास्त कुठे मागितलं होतं? जेवढ्यास तेवढंच तर मागत होता.